कार्बोरेटर खोलण्याआधी टाकी पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आणि जुन्या गाड्या या विषयावर आपल्या पत्रस्तंभात दोन टोकांची मते वाचायला मिळतात. एका पक्षाचे म्हणणे, इथेनॉलने जुन्या गाड्यांचे वाटोळे केले. दुसरा म्हणतो, काहीही होत नाही, सगळा कांगावा आहे. जुन्या स्पोर्ट्स कार दुरुस्त करणाऱ्याला यातले कोणतेच मत उपयोगी पडत नाही. गाडी रस्त्यात बंद पडते तेव्हा नेमके काय बिघडले आणि ते कोणत्या क्रमाने शोधायचे, हे त्याला हवे असते. म्हणून एकच गाडी समोर ठेवून लिहितो. एमजीबी ही दोन आसनी गाडी इंग्लंडमध्ये अॅबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात बनली. पाच लाखांच्या वर गाड्या बाहेर पडल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही नवे मिळतात. इंजिन १७९८ सीसीचे, बी-सिरीज घराण्यातले. आपल्या अॅम्बॅसॅडरचे जुने १४८९ सीसी पेट्रोल इंजिनही याच घराण्यातले, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकला या इंजिनाची भीती वाटत नाही. अडचण येते ती पेट्रोलच्या वाटेची.

प्रीमियर पद्मिनी गाडीवर हात बसलेला माणूस पेट्रोल पंप इंजिनाच्या कुशीत शोधतो. एमजीबीत तो तिथे नाही. एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पंप गाडीच्या पोटाखाली, मागच्या उजव्या चाकाच्या पुढे बसवलेला असतो. चिखल, पाणी, खडी सगळे त्याच्यावर उडते. पंप नजरेला पडत नाही आणि दोन चकचकीत कार्बोरेटर समोर दिसतात, म्हणून पाना आधी त्यांनाच लागतो. बरोबर चालणारे कार्बोरेटर खोलून, त्यांची सेटिंग हलवून, दुखणे मात्र टाकीत तसेच राहते, असे प्रकार सर्रास होतात. माझे सांगणे एवढेच की पेट्रोल ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने तपासणी करावी: झाकण, टाकी, नळी, पंप, फिल्टर, फ्लोट (कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता डबा), जेट (पेट्रोल हवेत सोडणारे बारीक तोंड). कार्बोरेटर सगळ्यांत शेवटी.

त्याआधी एक खात्री हवी. दुखणे पेट्रोलचेच आहे का? ठिणगी पाडणाऱ्या साखळीतला कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो तेव्हा लक्षणे हुबेहूब पेट्रोल तुटल्यासारखी दिसतात. चालत्या गाडीत फरक ओळखायच्या दोन खुणा आहेत. इंजिन मरताना आरपीएमचा काटा गाडी वेगात असूनही एकदम शून्यावर पडला, तर करंट तुटला आहे; पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर, कॉइलची वायर पाहा. काटा इंजिनाबरोबर हळूहळू उतरत असेल, गाडी आचके देत असेल आणि चोक थोडा ओढल्यावर जीव धरत असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे. गाडी थांबताच प्लग काढून पाहावा. कोरडा आणि पांढुरका असेल तर उपासमार, ओला आणि काळा असेल तर अजीर्ण.

आता झाकण. सुरुवातीच्या गाड्यांत टाकीला हवा मिळते ती झाकणातल्या बारीक छिद्रातून. ते बुजले की पेट्रोल उपसले जाते पण त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत निर्वात तयार होतो, आणि वीस-तीस मिनिटांनी गाडी दम सोडते. दहा मिनिटे उभी केली की पुन्हा चालते, म्हणून मालक वेडावून जातो. बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. हवा आत शिरल्याचा ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर निदान झाले. बाजारात मिळणारी काही बदली झाकणे बिनछिद्राची असतात, नंतरच्या गाड्यांसाठी केलेली. ती जुन्या टाकीवर घट्ट बसतात खरी, पण तोच घोळ करतात.

टाकीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्या हवेत खरे नुकसान तिथे होते. एमजीबीची टाकी डिकीच्या फरशीला खालून टांगलेली. टाकीचा माथा आणि फरशी यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा उरते तिथे ओल आणि माती साचते, आणि टाकी वरून गंजते. खालून पाहिली तर ठणठणीत दिसते. भरपूर पेट्रोल भरल्यावरच वास येतो, अर्धी टाकी असताना येत नाही, ही तिची खूण. आतला गंज वेगळा. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी पावसाळाभर उभी राहिली की मोकळ्या भागातल्या पत्र्यावर दमट हवेचे पाणी जमते.

इथेनॉलचा पहिला खरा दोष इथे आहे. साध्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही. थेंब तळाशी बसतात. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि ठरावीक मर्यादेपर्यंत ते पेट्रोलबरोबर निघूनही जाते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि तळाशी उतरतो. पंपाची ओढनळी नेमकी तळाशीच असते. अशा वेळी इंजिनाला पेट्रोलऐवजी पाणीमिश्रित दारू मिळते. ते सुरूच होत नाही किंवा फटफट करून मरते. ओळखायला सोपे आहे. टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बरणीत घेऊन पाच मिनिटे स्थिर ठेवा. मधोमध रेघ दिसली तर सगळे पेट्रोल काढून टाकायचे. वरचा थर ‘चांगला’ म्हणून पुन्हा वापरू नये. त्यातले इथेनॉल गेल्यामुळे ऑक्टेन, म्हणजे इंजिनाचे खडखडणे रोखण्याची क्षमता, घसरलेले असते.

तळाच्या पेट्रोलमध्ये तपकिरी भुकटी दिसली तर टाकी उतरवावी. धुण्याआधी एक सक्त सूचना: टाकी कितीही दिवस रिकामी असली तरी तिला डाग देऊ नये, वेल्डिंगचा विचारही करू नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. आधी गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने दोन-तीन वेळा विसळून घ्या. मग लिटरमागे ५० ते १०० ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरून चोवीस तास ठेवा. गंज सुटून येतो, पत्रा फारसा खात नाही. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने विसळा आणि लगेच गरम हवेने वाळवा. तासभर ओली ठेवली तरी कोवळा गंज पुन्हा चढतो. वाळताच थोडे इंजिन ऑइल मिसळलेले पेट्रोल आत फिरवून घ्यावे. टाकीत ओतायचे ‘सीलर’ मिळतात त्यांच्याबद्दल माझे मत वाईट आहे. जुन्या प्रकारचे सीलर इथेनॉलमध्ये मऊ पडतात, त्यांचे पापुद्रे सुटतात, आणि गंजाच्या भुकटीपेक्षा ते पापुद्रे काढणे कितीतरी कठीण. टाकीला भोके पडली असतील तर नवी टाकी घ्यावी. या गाडीची नवी टाकी मिळते, आणि ती बसवताना माथ्याला दोन हात रंग आणि वर मेणासारखे गंजरोधक लावावे.

ओढनळीच्या तोंडाशी काही टाक्यांत बारीक जाळी असते. ती तुंबली की कित्येक गॅरेजमध्ये पंपाकडून टाकीकडे हवा मारतात. कचरा टाकीत परत जातो, गाडी धावते, आणि पन्नास किलोमीटरवर तोच कचरा पुन्हा जाळीला चिकटतो. रस्त्यात अडकलात तर हा उपाय करून घरी या, पण तो घरी येण्यापुरताच. हवा मारताना नळी पंपापासून सोडवलेली आणि टाकीचे झाकण उघडे असावे. पंपातून हवा मारली तर त्याच्या आतल्या झडपा जातात.

पंपाचे काम समजले की त्याचा टिकटिक आवाज बोलू लागतो. आत एक कॉइल पडदा ओढते. पडदा ओढला गेला की पॉइंट उघडतात, करंट तुटतो आणि स्प्रिंग पडदा परत ढकलते. पेट्रोल पुढे जाते ते स्प्रिंगच्या जोरावर. म्हणून दाब ठरवते ती स्प्रिंग, करंट नव्हे. कार्बोरेटर भरले की पडदा जागीच अडतो आणि पंप आपोआप गप्प बसतो. इग्निशन चालू करून इंजिन न फिरवता ऐका. काही सेकंद भराभर टिकटिक, मग शांतता, हे निरोगी लक्षण. त्यानंतर निदान अर्धे मिनिट तरी आवाज नको. दर दोन-तीन सेकंदांनी एक टिक येत असेल तर पेट्रोल कुठेतरी निघून जाते आहे: पुढे फ्लोटची निडल व्हॉल्व्ह (बाऊल भरला की पेट्रोल अडवणारी सुई) गळते किंवा मागे पंपाची झडप धरत नाही. थांबता थांबत नसेल आणि पेट्रोलही येत नसेल तर पंप हवा ओढतो आहे, नाहीतर टाकी रिकामी आहे. गेजवर विश्वास ठेवू नका. काठी घालून पाहा. आणि गाडी उपाशी असताना पंप मुकाच असेल तर वीज किंवा पॉइंट.

विजेकडे आधी बघावे. मीटरचे एक टोक पंपाच्या टर्मिनलवर आणि दुसरे पंपाच्या अंगावर ठेवून, पंप चालू असताना व्होल्टेज मोजा. बॅटरीवर जितके आहे त्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी नको. कमी भरले तर बहुतेक वेळा अर्थिंग गंजलेले असते किंवा वायरिंगमधले गोळीसारखे जोड हिरवे पडलेले असतात. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यांच्या मधल्या जोडाकडे कुणाचे लक्ष नसते. १९६७ पर्यंतच्या गाड्या मूळच्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या. पॉइंटवाल्या साध्या पंपाला त्याने फरक पडत नाही, इलेक्ट्रॉनिक बदली पंपाला पडतो. उलटा जोडला की तो पहिल्याच मिनिटात संपतो. खरेदी करताना ध्रुव विचारून घ्यावा.

पॉइंट काळे पडले असतील तर चारशे नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी हलक्या हाताने फिरवून नंतर साधा कागद ओढून पुसावे. वर्षभर उभी राहिलेली गाडी हलक्या ठोक्याने सुरू होते ती याच कारणाने. पंपाच्या टोकावर पान्याच्या दांड्याने टकटक केले आणि पंप चालला, तर समजावे की पॉइंटचे आयुष्य भरत आले आहे. पडदा कडक झाला असेल तर नवा घालावा, तो इथेनॉलला टिकणाराच. जुळवणी अशी: पडदा आत फिरवत न्या, मग एकेक भोक उलटा फिरवत, दाबून पाहत, यंत्रणा जिथे जेमतेम ‘टक्’ करून पलटते ती जागा शोधा, तिथून आणखी चार भोके, म्हणजे दोन तृतीयांश फेरा, मागे फिरवून स्क्रूंची भोके जुळवा. हा हिशेब चुकला तर पंप चालतो, पण अर्ध्या ताकदीने.

मग खरी परीक्षा. कार्बोरेटरकडची नळी सोडवून धातूच्या डब्यात धरा, कॉइलची वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगीही पडणार नाही आणि कॉइलही तापणार नाही, आणि इग्निशन चालू करा. मूळ पंपाने तासाला सुमारे ६८ लिटर द्यायला हवे, म्हणजे अर्ध्या मिनिटात अर्ध्या लिटरहून थोडे अधिक. धार कशी येते तेही पाहा. बुडबुडे येत असतील तर टाकी ते पंप या टप्प्यात हवा शिरते आहे. हा दोष फसवा असतो, कारण ओढीच्या बाजूची फट पेट्रोल गाळत नाही, फक्त हवा घेते; जमीन कोरडी असते. धार जोरात सुरू होऊन मंदावत असेल तर झाकण उघडून पुन्हा मोजा. सुधारली तर छिद्र, नाही सुधारली तर जाळी. पहिल्यापासून मंद असेल तर व्होल्टेज किंवा फिल्टर. हे काम उघड्यावर, बॅटरीपासून दूर, कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवून करायचे. नळी सोडवण्याआधी बॅटरीची अर्थ काढावी, आणि नळी डब्यात धरल्यावरच परत जोडावी. या गाडीत बॅटरी आणि पंप अगदी जवळजवळ आहेत.

दाब तीन पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास पुरतो. चारच्या वर गेला की फ्लोटची निडल तो अडवू शकत नाही. मूळ पंप महाग म्हणून कोणत्या तरी आधुनिक गाडीचा पंप बसवलेला असतो, तो सहा-सात पीएसआय देतो आणि दोन्ही कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतात. इंजेक्शनच्या गाडीचा पंप तर इथे बसवूच नये. एकच कार्बोरेटर वाहत असेल तर दोष त्या कार्बोरेटरचा. दोन्ही वाहत असतील तर आधी दाब मोजा.

आता रबर. इथेनॉलचा दुसरा खरा दोष हा, आणि आग लावणारा हाच. जुन्या नायट्राइल रबराच्या नळ्या इथेनॉलमध्ये आधी फुगतात, मऊ पडतात. गाडी उभी राहून वाळल्या की त्यांना भेगा जातात. कधी वरून नळी नवीकोरी दिसते आणि आतला अस्तर सुटून पडद्यासारखा लोंबतो. मंद गतीला पेट्रोल जाते, रेस दिली की तो पडदा प्रवाहात आडवा येऊन वाट बुजवतो. नळी बाहेरून बघून कळत नाही, कापूनच कळते. म्हणून एमजीबीतल्या टाकीजवळच्या, पंपाच्या दोन्ही बाजूंच्या आणि दोन कार्बोरेटरमधल्या सगळ्या रबरी नळ्या एकदमच बदलाव्यात. नळीवर एसएई जे३० आर९ असे छापलेले पाहून घ्यावे. तिचे अस्तर फ्लोरोरबराचे, म्हणजे ज्याला आपण व्हायटन म्हणतो त्याचे असते. मीटरच्या मापाने मिळणारी बिननावाची काळी नळी दोन पावसाळे काढत नाही. क्लिप रुंद पट्टीची पण बिनदात्यांची हवी. दात्यांची पट्टी नळी कापते.

फिल्टर पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये घालावा. पंपाच्या आधी बारीक कागदी फिल्टर घातला तर ओढ गुदमरते. काचेचा पारदर्शक फिल्टर दिसायला छान, पण त्याचे जोड गळतात आणि तो एग्झॉस्टच्या वर लोंबतो. मी तो कुणालाही सुचवणार नाही. इथेनॉल जुन्या टाकीतला चिकट थर विरघळवते, त्यामुळे ई-२० सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन टाक्यांत फिल्टर भराभर तुंबतात. त्यावरून ‘नवे पेट्रोल घाणेरडे’ असा निष्कर्ष काढला जातो. घाण आपल्याच टाकीतली असते.

इथपर्यंत सगळे ठीक निघाले, तरच कार्बोरेटर. एसयू एचएस४ हे साधे आणि प्रामाणिक यंत्र आहे. फ्लोट बाऊल उघडल्यावर पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसली तर पाणीमिश्रित इथेनॉल आत उभे राहिले होते. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका. झाकण उलटे धरून, निडल बंद झालेल्या स्थितीत, फ्लोटची पट्टी आणि झाकणाची कड यांत ३.२ ते ४.८ मिलिमीटर अंतर हवे. जाडीला योग्य अशी ड्रिलची दांडी घालून तपासता येते. निडल व्हॉल्व्ह व्हायटनच्या टोकाची घालावी. झाकण न उघडता तिला पारखायचे तर पंप चालू करून बाऊलच्या ओव्हरफ्लो नळीखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा. पाच मिनिटांत कोरडा राहिला पाहिजे. जेटच्या नायलॉन नळीच्या दोन्ही टोकांची सीलही बदलायची. पेट्रोल जेटच्या खालून ठिबकते ते तिथून.

कार्बोरेटरच्या घुमटातला पिस्टन बोटाने उचलून सोडला की धातूवर धातूचा स्वच्छ ‘टक्’ आवाज यायला हवा. अडखळला तर पक्क्या निडलच्या गाड्यांत (निडल म्हणजे इथे पिस्टनला बसवलेली, जेटमध्ये वरखाली होणारी निमुळती सुई) जेट मध्यावर नाही. जेटचा लॉकनट सैल करून, पिस्टन खाली दाबून, नट पुन्हा आवळावा. नंतरच्या स्प्रिंगवाल्या निडलला हे करावे लागत नाही. दोन्ही कार्बोरेटर एकाच टेबलवर खोलले असतील तर घुमट आणि पिस्टन यांची अदलाबदल होऊ देऊ नका. ती जोडी कारखान्यात जुळवलेली असते. डॅम्परमध्ये, म्हणजे पिस्टनची हालचाल सावरणाऱ्या भागात, २० ग्रेडचे पातळ तेल. हे तेल नसले किंवा फार पातळ असले की अचानक रेस दिल्यावर इंजिन अडखळते, आणि दोष मात्र पेट्रोलला दिला जातो. या कार्बोरेटरला अॅक्सिलरेटर पंप (पेडल दाबताच जादा पेट्रोल सोडणारा) नसतो. ते काम डॅम्परच करतो. म्हणून गाडी सुरू करण्याआधी पेडल चारदा दाबायची सवय इथे निरुपयोगी आहे.

मिश्रण जुळवण्याआधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट), पॉइंट, टायमिंग (ठिणगीची वेळ) ठीक हवे. व्हॉल्व्हला ०.३८ मिलिमीटर, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटला ०.३५ ते ०.४०. थ्रॉटलच्या दांड्याची भोके झिजली असतील तर तिथून हवा आत जाते आणि मिश्रण काही केल्या स्थिर होत नाही. ही गळती शोधायला गरम इंजिनावर क्लीनरचा स्प्रे मारू नका. या इंजिनात एग्झॉस्ट मॅनिफोल्ड कार्बोरेटरच्या थेट खाली आहे. दांड्याच्या टोकाला तेलाचे चार थेंब सोडा. आयडलिंग बदलले तर हवा तिथूनच येते. मग जेटचा नट पूर्ण वर नेऊन दोन फेरे, म्हणजे बारा पैलू खाली आणायचा, आणि इंजिन गरम झाल्यावर एकेका पैलूने जुळवायचे. दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी रबरी नळी कानाला लावून हवेचा सूंसूं आवाज आधी सारखा करावा. नंतर पिस्टन साधारण पाऊण मिलिमीटर उचलून पाहा. गती वाढली आणि वाढलेलीच राहिली तर मिश्रण जाड, लगेच पडली तर पातळ, किंचित वाढून जागेवर आली तर बरोबर.

इथेनॉलचा तिसरा खरा दोष इथे भेटतो, आणि तो जुळवणीने सुटतो. साध्या पेट्रोलच्या एका वजनी भागाला जळायला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, ई-२०च्या भागाला साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेत सुमारे नऊ टक्के जास्त पेट्रोल सोडावे लागते. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या मदतीने हे स्वतः करते. कार्बोरेटर करू शकत नाही. साध्या पेट्रोलवर जुळवलेली एमजीबी ई-२०वर पातळ चालते: गरम होते, उचल घेताना अडखळते, रेस सोडताना एग्झॉस्टमध्ये फटाके वाजतात. एक-दोन पैलू जेट खाली आणल्यावर आयडलिंग सुधारते. पण वरच्या गतीला पुरेसे होईलच असे नाही, कारण तिथे पेट्रोल मोजते ती निडलची निमुळती बाजू. पक्क्या निडलच्या गाडीत ५ नंबरची निडल असेल तर तिच्या जागी ६ नंबरची जाड मिश्रणाची निडल घालून, पूर्ण रेसवर पळवून, लगेच प्लगचा रंग पाहावा. फिक्या विटकरी रंगावर थांबावे. एवढे करूनही लिटरमागे अंतर थोडे घटणारच. ई-२०मध्ये ऊर्जाच सहा-सात टक्के कमी असते. न्यायाने हेही सांगायला हवे की इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असल्याने ८.८ कॉम्प्रेशनच्या या इंजिनाचे चढावरचे खडखडणे कमी होते. आपल्या घाटांत तो लाभ जाणवतो.

उन्हाळ्यातले दुखणे वेगळे. मे महिन्यात मुंबईच्या रहदारीतून आल्यावर इंजिन बंद केले आणि दहा मिनिटांनी सुरू होईना, तर पेट्रोल बाऊलमध्ये उकळले आहे. मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर यांच्यामधले उष्णतारोधक ठोकळे आणि पत्र्याची ढाल जागेवर आहे का पाहा. ‘जादा भाग’ समजून ती कुणीतरी काढलेली असते. नळ्या एग्झॉस्टपासून दूर बांधा. सुरू करताना चोक ओढू नका. पेडल पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर फिरवा. नळीला कपड्याच्या चिमट्या लावायचा तोडगा फार सांगितला जातो. त्याने काही होत नाही.

आता मूळ वादाकडे. जुलै २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते, पण त्या रोज चालवता येत नाहीत. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरत्याच रस्त्यावर येतात. म्हणजे कायद्यानेच त्या बहुतेक काळ उभ्या. आणि उभ्या गाडीलाच ई-२० सर्वांत जास्त बाधते. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्रात इथेनॉलला विरोध करून काही साधेल असेही मला वाटत नाही. मात्र पेट्रोल विकणाऱ्या पंपावर प्रत्यक्ष किती इथेनॉल आहे ते ग्राहकाच्या डोळ्यांसमोर मोजून दाखवणे अवघड नाही, आणि ती मागणी या स्तंभातून व्हावी. काचेच्या शंभर मिलिलिटरच्या मापनळीत ९० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घाला, बूच लावून हलवा, दहा मिनिटे ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर २८ च्या आसपास आला तर वाढलेले १८ हे ९० चे वीस टक्के. थर दहावरच राहिला तर इथेनॉल नाही. महाग १०० ऑक्टेनचे पेट्रोल घेणाऱ्यांनीही नावावर न जाता हीच चाचणी करून भरावे.

दोन महिन्यांहून जास्त गाडी उभी करायची असेल, विशेषतः जूनमध्ये, तर टाकीत इथेनॉलचे पेट्रोल ठेवू नये. ते काढून रोजच्या गाडीत वापरून टाकावे, आणि मोकळा पत्रा गंजू नये म्हणून टाकीत आतून थोडे इंजिन ऑइल फिरवून घ्यावे. मग पंपाची वायर सोडवून इंजिन चालू ठेवावे; बाऊल रिकामे झाले की ते आपोआप बंद पडते. बंद पडू लागताच चोक ओढला तर तळाचे उरलेले पेट्रोलही जळून जाते. टाकीतून आणि बाऊलमधून पेट्रोल गेल्यावर बॅटऱ्या काढून घरात आणाव्यात, आणि पंपाच्या टोकावरचे रबरी टोपण फाटके असेल तर तेवढे पावसाआधी बदलून घ्यावे.

आपला,
जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीतला एक वाचक
पुणे